टाकाऊ औषधांतलें सत्त्व

१९४१ सालीं ऑक्सफर्ड येथें एका पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यांत आलें. तें इतकें दुर्मिळ होतें, कीं रोग्याच्या मूत्रांतून काढून पुन्हा त्यालाच देत. अखेर सांठा संपला व रोगी दगावला.

आज दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें औषधांचे कारखाने आहेत. आणि धोकादायक औद्योगिक कचऱ्याची विल्हेवाट लावणारें केंद्र शिरूर तालुक्यांत रांजणगांवीं आहे. परंतु मुदत टळलेल्या गोळींतही औषधाचा अंश बहुधा शाबूत असतो.

तो काढावा कसा? पॅरासिटॅमॉलची गोळी कुटून अल्कोहोलांत ढवळली, कीं औषध विरघळतें, पिष्ट तसेंच राहतें. गाळलेला द्रव आटवून निववला, कीं औषधाचे स्फटिक जमतात. अल्कोहोलची वाफ थंड करून तें पुन्हा वापरतां येतें. द्रावक मात्र डायक्लोरोमिथेनसारखा विषारी घेतला, तर रोगापेक्षां औषध भयंकर! अल्कोहोल उसाच्या मळीपासून होतें, आणि ऊस ह्या दोन्ही तालुक्यांत पिकतो.

असे स्फटिक शुद्धतेच्या कसोटीला उतरल्यावांचून रोग्याच्या मुखीं जातां कामा नयेत, हें खरें. परंतु औषधाच्या थेंबाअभावीं एकदां मनुष्य गेला, हें स्मरून तें भट्टींत लोटणारा हात क्षणभर थबकावा.