शिकणारे सुकाणू

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या एका डीसी-१० विमानाच्या शेपटातील एंजिनाचा पंखा आकाशातच फुटला. त्याच्या तुकड्यांनी द्रवदाबाच्या तिन्ही यंत्रणा निकामी केल्या आणि वैमानिकांच्या हातातील सुकाणू निर्जीव झाले. उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमी-अधिक करीत कॅप्टन अल हेन्स व त्यांचे सहकारी यांनी ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. ११२ जण मृत्युमुखी पडले. मोडलेले विमान कसे उडवावे, हे त्या वैमानिकांस उडत असतानाच शिकावे लागले. असे शिकणे यंत्रास साधेल काय?

विमानाच्या स्वयंचालकास ठरीव नियम दिलेले असतात. अमुक वेग व अमुक उंची असता शेपटाचे पृष्ठ किती वळवावे, हे अभियंत्यांनी आधीच गणून ठेवलेले असते. कमीत कमी इंधनात किंवा वेळात, विमानावर अवाजवी ताण न देता, इष्ट स्थळी पोहोचविणारी आज्ञा शोधणे यास इष्टतम नियंत्रण म्हणतात. रशियातील पोन्त्र्यागिन आणि अमेरिकेतील बेलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात या शास्त्राचा पाया घातला. परंतु या गणितात दोन अडचणी आहेत. विचारात घ्यावयाच्या राशी वाढल्या की आकडेमोड भयंकर वाढते. शिवाय विमानाचा स्वभाव आधी ठाऊक असावा लागतो. पंख दुखावला की तो स्वभावच पालटतो.

येथे कृत्रिम मज्जाजाल, म्हणजेच न्यूरल नेटवर्क, उपयोगी पडते. मज्जापेशींचे पहिले गणिती प्रतिरूप मॅककलक व पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. जालातील प्रत्येक घटक आपल्याकडे आलेल्या संख्यांना कमी-अधिक वजन देतो, त्यांची बेरीज करतो आणि तिच्यावरून ठरलेले उत्तर पुढे धाडतो. अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तरांत जी तफावत पडते, तिच्या प्रमाणात ही वजने बदलत जाणे म्हणजेच जालाचे शिकणे. वल्हे मोडलेला नावाडी नाव कोणीकडे वळते हे पाहून हाताचा जोर बदलतो; जालाची रीत याहून फार निराळी नाही.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे एफ-१५ जातीच्या एका विमानावर हे प्रयोग केले. १९९९ मधील उड्डाणांत आधीच शिकवून तयार केलेले जाल वापरले होते. २००६ च्या सुमारास मात्र उड्डाण चालू असतानाच शिकणारे जाल तपासण्यात आले. त्यासाठी शेपटाचे एक पृष्ठ मुद्दाम जखडून ठेवल्यासारखी स्थिती निर्माण केली गेली आणि जाल विमानाचा तोल कसा सावरते हे पाहिले गेले.

तथापि शिकणारे यंत्र चुकीचेही शिकू शकते. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ हे रॉकेट-विमान कोसळून वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स मृत्यू पावले. त्या विमानात मज्जाजाल नव्हते; परंतु आपल्या आज्ञांचा जोर परिस्थितीनुसार आपणच बदलणारा नियंत्रक होता. विमान गिरकीतून सावरले खरे, पण नियंत्रकाच्या आंदोलनांमुळे तो जोर वेळीच उतरला नाही आणि वाढत्या हेलकाव्यांनी विमानाचे तुकडे झाले.

म्हणून एफ-१५ वरील जालाच्या आज्ञांना मर्यादा घातल्या होत्या. मर्यादा ओलांडली गेल्यास जाल बाजूला सारून नेहमीच्या नियमांकडे परतण्याची सोय होती, आणि ते बंद करण्याचा अधिकार वैमानिकाकडेच होता. रशियन गणिती ल्यापुनोव यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या स्थैर्यसिद्धान्ताच्या आधारे, जालाच्या चुका ठराविक सीमेत राहतील असे शिकण्याचे नियम रचता येतात. मात्र ही सिद्धता ज्या गृहीतांवर उभी असते, ती खऱ्या आकाशात टिकतात की नाही, हे प्रयोगांनीच ठरावे लागते.

शेकडो प्रवाशांचा भार वाहणाऱ्या यंत्राने केवळ चतुर असून भागत नाही. त्याचे वागणे आधी पारखून घेता आले पाहिजे. यंत्रास शिकविणे हे कठीण काम आहे. पण त्याने कोठे थांबावे हे ठरविणे त्याहूनही कठीण आहे, आणि ती जबाबदारी मनुष्याचीच आहे.