सणाची गार कॉफी

मराठी घरात कॉफी हे रोजचं पेय कधीच नव्हतं. रोजचा मान चहाचा. कॉफी व्हायची ती मुलगी बघायला पाहुणे आले की, परीक्षेच्या जागरणाला, नाहीतर कोजागिरीला. आणि तिच्यात जायफळ-वेलची हवीच. दक्षिणेकडची मंडळी हे ऐकून कपाळाला हात लावतात. ‘कॉफी पिताय की बासुंदी?’ असं मला एका तमिळ शेजारणीनं विचारलंही होतं. पण आपल्यासाठी कॉफीचा वास म्हणजे जायफळाचा वास आणि जायफळाचा वास म्हणजे सणाचा वास.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या स्टारबक्स कंपनीनं २००३ मध्ये ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ नावाची कॉफी आणली आणि तिकडच्या सणासुदीच्या दिवसांत ती तुफान चालली. नाव भोपळ्याचं, पण कित्येक वर्षं तिच्यात भोपळा नव्हताच. भोपळ्याच्या पायमध्ये पडणारे मसाले तेवढे होते : दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ. हीच कंपनी २०१२ मध्ये मुंबईत आली, हॉर्निमन सर्कलला तिचं पहिलं दुकान निघालं आणि आपली मुलं मसाल्याची कॉफी नवलाईनं पिऊ लागली. ज्या घरात आजीनं सहाणेवर जायफळ उगाळून कॉफी केली, त्याच घरातली नात ती बाहेर भरपूर पैसे मोजून पिते. त्यात वाईट काही नाही. पण तेवढ्या पैशांत घरी चौघांची कॉफी होते आणि तिच्यात काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आज ही सणाची कॉफी घरी, आणि तीही गार, कशी करायची ते सांगते.

गार का, असा प्रश्न पडेल. मी राहते वाकोल्याला. सांताक्रूझची वेधशाळा आमच्यापासून फार लांब नाही. कोजागिरी येते ती ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. नाताळातसुद्धा दुपारचा पारा पुष्कळदा तीस अंशांच्या वरच असतो. बर्फातला नाताळ आमच्याकडे फक्त भेटकार्डावर. तेव्हा मुंबईच्या सणाला गार पेयच शोभतं.

वाकोल्यात सणही दोन्हीकडचे. एका बाजूला दिवाळीचा फराळ आणि दुसऱ्या बाजूला सेंट अँथनी चर्चच्या परिसरातल्या घरांतली नाताळची ताटं. यात गोव्याहून आलेले आहेत, मंगळूरचे आहेत आणि इथले मूळचे ईस्ट इंडियनही आहेत. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजानं हे नाव घेतलं, पण बोली मात्र मराठीचीच. आमच्याकडून चकल्या-करंज्या जातात, तिकडून कलकल आणि दोदोल येतो. म्हणून आज कॉफीही दोन प्रकारची सांगणार आहे, एक कोजागिरीची आणि एक नाताळची.

पण कृतीच्या आधी बर्फाचं बोललं पाहिजे. गार कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा बर्फामुळेच.

थोडं गणित करू. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. समजा, ग्लासात २०० ग्रॅम कडकडीत, ९० अंशांची कॉफी आहे आणि ती आपल्याला ५ अंशांपर्यंत गार करायची आहे. हिशेब केला तर त्यासाठी जवळजवळ २०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे जेवढी कॉफी तेवढंच पाणी! मग ती पांचट लागली तर नवल काय? हीच कॉफी आधी घरातल्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांवर आणली, तर साठेक ग्रॅम बर्फात काम भागतं. आणि फ्रिजमध्ये ठेवून गार केली, तर बर्फ नावापुरता लागतो. म्हणून पहिला नियम असा, की कॉफी आधी गार करा, बर्फ मागाहून. दुसरा नियम, बर्फ पाण्याचा नको, कॉफीचाच करा. थोडी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी बर्फाच्या साच्यात ओतून आदल्या रात्री ठेवून द्या. तो बर्फ वितळला तरी कॉफीची कॉफीच राहते.

बर्फाची दुसरी गोष्ट चवीची नाही, तब्येतीची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागिरी झाली. माणसं फार, म्हणून बर्फाची लादी बाहेरून मागवली. पोत्यात गुंडाळलेली लादी गच्चीच्या फरशीवरच फोडली आणि तुकडे दुधात टाकले. पुढचे दोन दिवस इमारतीतल्या निम्म्या मुलांना जुलाब-उलट्या. एका लहान मुलीला तर सलाइन लावावं लागलं. दूध चांगलं होतं, मसाला घरचा होता. मग दोष कुणाचा? डॉक्टरांचं बोट बर्फाकडे होतं.

आपल्याला वाटतं, इतक्या थंडीत जंतू जगतील कसे? पण गोठल्यानं जंतू मरतातच असं नाही. पुष्कळसे नुसते निपचित पडून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. शिवाय बाजारातला सगळा बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी टिकवायला, कारखान्यात वापरायला वेगळा बर्फ निघतो. तो ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा, असा नियम महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये केला. तेव्हा निळसर बर्फ दिसला तर पेयात घालूच नका. पण बर्फ पांढरा आहे म्हणून तो निर्धोक, असंही समजू नका. सणाला दहा माणसं येणार असतील तर दोन दिवस आधीपासून उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ घरीच करा आणि डब्यात साठवा. कष्ट फारसे नाहीत, आठवण ठेवायची एवढंच.

आता कोजागिरीची कॉफी. चार ग्लासांसाठी ६०० मिलिलिटर दूध घ्या. दूध तापलं की त्यात जायफळ घाला. सहाणेवर दुधात सात-आठ वेढे उगाळलेलं किंवा किसणीवर किसलेलं, दोन चिमटी पुरे. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उकळू द्या. जायफळ दुधातच का? मसाल्यांचा वास त्यांच्यातल्या तेलात असतो आणि ते तेल पाण्यापेक्षा दुधाच्या स्निग्धांशात छान उतरतं. गॅस बंद केल्यावर चार वेलदोड्यांची पूड आणि केशराच्या चार काड्या घालून लगेच झाकण ठेवा. वेलचीचा वास उडून जाणारा, ती उकळत बसलात तर घरभर घमघमाट सुटेल आणि ग्लासात काही उरणार नाही.

दुसऱ्या भांड्यात अर्धा कप गरम पाण्यात चार चमचे इन्स्टंट कॉफी आणि सहा चमचे साखर पूर्ण विरघळवा. चमचा म्हणजे चहाचा, तोही सपाट. साखर इथेच घालायची, कारण गार दुधात ती लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. घरी दाक्षिणात्य फिल्टर असेल तर त्यातला अर्धा कप दाट काढा उत्तम. बाजारातल्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते जरूर वाचा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे असा कायदा आहे, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. ती वाईट नव्हे, रंग आणि दाटपणा देते, पण कॉफीचा स्वाद देत नाही.

दूध आणि कॉफी एकत्र करून भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवा आणि मधून मधून ढवळा, म्हणजे साय धरणार नाही. पंधरा-वीस मिनिटांत ते कोमट झालं की फ्रिजमध्ये किमान तीन तास. दुधाचं पेय उकाड्यात ओट्यावर तासन् तास ठेवू नका. देताना गाळून घ्या, कारण गार पेयात सायीचे तुकडे तोंडात आले की मजा जाते. ग्लासात कॉफीच्या बर्फाचे तीन-चार खडे, वर कॉफी आणि एखादी केशराची काडी. जिभेला गार पदार्थाची गोडी आणि वास कमी जाणवतो, म्हणून गरम असताना किंचित जास्त वाटणारा मसाला गार झाल्यावर बरोबर लागतो.

वर फेस हवा असेल तर इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन घट्ट फेटा. २०२० च्या टाळेबंदीत हीच फेटलेली कॉफी कोरियाच्या ‘डालगोना’ नावानं जगभर गाजली. आपल्याकडे ती वाटीत चमच्यानं घोटून लोक केव्हापासून करत होते.

नाताळची कॉफी वेगळी. दोदोलात माडाचा काळा गूळ आणि नारळाचं दूध असतं, तोच धागा मी कॉफीत आणला. चार ग्लासांसाठी किसलेला माडाचा गूळ चार मोठे चमचे घ्या. अर्धा कप पाण्यात तो गूळ, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, तीन लवंगा आणि ठेचलेल्या आल्याचा छोटा तुकडा घालून पाच मिनिटं उकळा, गाळा आणि गार करा. एका नारळाचं जाड आणि पातळ दूध एकत्र करून अर्धा लिटर घ्या. त्यात अर्धा कप गार, दाट, बिनसाखरेची कॉफी, गुळाचा पाक आणि चिमूटभर मीठ घाला. नारळाचं दूध उकळायचं नाही, ते फुटतं. आणि फार गार झालं तर त्यातलं तेल थिजून वर कण दिसतात, म्हणून झाकणाच्या बाटलीत घालून जोरानं हलवा आणि मगच ओता. ही कॉफी ताजीच संपवायची. गाईचं दूध न पचणाऱ्यांना ती चालते. गाईच्या दुधात करायची असेल, तर दूध आणि पाक दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा. गरम दुधात गूळ पडला की दूध नासण्याची भीती असते.

आता तीन गोष्टी सावधगिरीच्या. पहिली जायफळाची. चिमूटभर जायफळ औषधासारखं, पण ‘थोडं घातलं तर चांगलं, मग जास्त घातलं तर अधिक चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. पाचेक ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ एकाच वेळी पोटात गेल्यानं मळमळ, छातीत धडधड, भ्रम अशी लक्षणं दिसल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून मिक्सरमध्ये जायफळं फिरवून पूड चमच्यानं घालू नका. अख्खं फळ ठेवा, लागेल तेवढंच उगाळा. वासही ताजा राहतो.

दुसरी कॉफीची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत आणि गरोदर बायकांसाठी २०० पर्यंत मर्यादा सांगितली. वरच्या प्रमाणातल्या एका ग्लासात साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम येतं. मोठ्यांना ते जड नाही, पण दिवसभराचा चहाही त्यात मोजायचा असतो. लहान मुलांना कॉफी नकोच. त्यांच्यासाठी तेच मसाल्याचं दूध कॉफी घालण्याआधी बाजूला काढा. रंग बदलला तरी ग्लास सारखाच द्या, म्हणजे ती रुसत नाहीत.

तिसरी साखरेची. सणाला आपण मधुमेही माणसाला आग्रह करून करून पाजतो, आणि ‘गूळच आहे, साखर नाही’ अशी समजूतही घालतो. गूळ माडाचा असो की उसाचा, रक्तात जाऊन तो साखरच होतो. आमच्या शेजारच्या आंटींना मधुमेह आहे. त्या कोणाच्याही घरी ‘नको’ म्हणत नाहीत, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. सणाच्या चार दिवसांत अशा माणसाची साखर कुठे जात असेल, विचार करा. म्हणून मी पाक वेगळा ठेवते आणि पाहुण्यांच्या देखत ज्याच्या-त्याच्या ग्लासात घालते. आंटींचा ग्लास बिनसाखरेचा. वेलची आणि जायफळ यांची खुबी अशी, की गोडाशी जिभेची सवय जुळलेली असल्यानं त्यांच्या नुसत्या वासानंही पेय थोडं गोड भासतं. कुणालाही वेगळं काढल्यासारखं वाटत नाही आणि नको म्हणण्याची वेळही येत नाही.

पाहुणचार म्हणजे तरी काय? समोरच्याला आवडेल ते द्यायचं आणि सोसेल तेवढंच द्यायचं. येत्या सणाला आदल्या रात्री साच्यात कॉफी ओतून ठेवा. निम्मं काम तिथेच झालेलं असेल.