काठावरचा आणि मधला

वडोदऱ्याचे तिसरे सयाजीराव महाराज यांच्या राज्याने 1931 साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ नावाचा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत. कारभारात शब्द चुकला, तर त्याचा भुर्दंड रयतेस सोसावा लागतो. म्हणून हा खटाटोप आम्हांस मोलाचा वाटतो.

पक्ष न घेणे, या एकाच गोष्टीस आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा! ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. तो भिजत नाही. पण बुडणाऱ्यास त्याचा हातही पोहोचत नाही. ‘उदासीन’ म्हणजे अलग बसलेला. ‘त्रयस्थ’ म्हणजे वादाशी संबंध नसलेला तिसरा. ‘अलिप्त’ म्हणजे ज्यास लेप लागला नाही असा. 1961 साली बेलग्रेड येथे भरलेल्या परिषदेतील राष्ट्रांना आपण हेच विशेषण लावतो. ‘मध्यस्थ’ मात्र दोघांच्या मधे जाऊन उभा राहतो आणि ‘निःपक्षपाती’ माणूस निवाडा देतो, पण कोणाकडे झुकत नाही.

गावात बांधावरून वा विहिरीवरून तंटा पेटला, की आपण सारेच म्हणतो, “आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही.” परंतु सबळ दुबळ्यास दडपीत असता काठावरचे मौन सबळाच्याच कामी येते. दोघांचे ऐकून घेऊन खरे ते बोलणे, हाच खरा निःपक्षपात. तेव्हा वाचकहो, यांपैकी कोणता शब्द आपणांस लागू पडतो, हे ज्याने त्याने मनाशी तपासून पाहावे.