टॉवर लाइनखाली चरचर आवाज का येतो?

पावसाची भुरभुर सुरू झाली की शिवारातून गेलेल्या टॉवर लाइनखाली चरचर, गुणगुण वाढते. अंधाऱ्या रात्री कधी तारेभोवती जांभळट उजेडही दिसतो. आता करंट खाली उतरणार, अशी भीती शेतकऱ्यांना वाटते. या प्रकाराला ‘करोना डिस्चार्ज’ म्हणतात. आजाराशी याचा संबंध नाही. लॅटिनमध्ये करोना म्हणजे मुकुट.

हवा एरवी वीज वाहू देत नाही. पण तारेलगत विजेचा ताण सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टवर गेला, की तेवढ्याच पट्ट्यातली हवा वीजवाहक बनते आणि बारीक ठिणग्यांसारखा आवाज येतो. तारेला लोंबणाऱ्या थेंबाच्या टोकापाशी हा ताण आणखी वाढतो. म्हणून पावसात आणि धुक्यात आवाज जास्त.

यात थोडी वीज वाया जाते, जवळच्या रेडिओत खरखर येते. तार जाड असेल तर ताण कमी राहतो. म्हणूनच ४०० केव्ही लाइनवर एकेका फेजला दोन किंवा जास्त तारा शेजारी-शेजारी बांधतात. त्या मिळून जाड तारेचे काम करतात.

थोडक्यात, पावसातली चरचर म्हणजे बिघाड नव्हे. खरा धोका वेगळा आहे. स्प्रिंकलरचे लांब ॲल्युमिनियम पाइप लाइनखाली उभे धरू नयेत; तारेला न टेकताही वीज उडी घेते. उसाचा पाला तिथे पेटवू नये, ज्वाळा-धुरातूनही वीज खाली येऊ शकते. तार नेहमीपेक्षा खाली आलेली दिसली तर लांब थांबून वीज कंपनीला कळवावे.