बेसबॉलचा संघ आणि पदवीचा हिशेब

आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघातला एखादा गडी पुढच्या वर्षी दिसेनासा झाला की आपण दोनच शक्यता धरतो. एक तर तो बी.ए. होऊन बाहेर पडला असेल, नाही तर नापास होऊन घरी बसला असेल. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे खेळाडू पदवी घेऊन जातो, धंदेवाईक संघाने निवडला म्हणून जातो, दुसऱ्या महाविद्यालयात जातो, आणि कित्येकदा सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही मैदानाबाहेर बसतो. हा शेवटचा प्रकार आपल्याला चमत्कारिक वाटतो. पण संघांतील उलथापालथ समजण्याची किल्ली तिथेच आहे.

आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियम तेथे एन.सी.ए.ए. ही संस्था करते. तिच्या पहिल्या श्रेणीतील महाविद्यालयांसाठी २००३ साली असा दंडक झाला की, दुसरे वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के, तिसरे संपताना ६० टक्के आणि चौथे संपताना ८० टक्के अभ्यास पुरा झालेला असला पाहिजे. त्यापूर्वी हेच प्रमाण २५, ५० व ७५ होते. यातली मेख ‘पदवीचा’ या शब्दात आहे. तुम्ही किती विषय पास झालात याला येथे महत्त्व नाही. त्यातले किती तुम्ही निवडलेल्या पदवीला लागू पडतात, हे पाहिले जाते. समजा, एखाद्याने दोन वर्षे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवली आणि मग अर्थशास्त्र घेतले. त्याचे गुण उत्तम असतील, पण जुनी क्रेडिटे नव्या पदवीत बसली नाहीत तर तो अपात्र! ए.टी.के.टी.च्या छायेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून घाम फुटावा.

त्यातही बेसबॉलची तऱ्हा न्यारी. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि शेवटची स्पर्धा जूनमध्ये ओमाहा शहरी संपते. नियमित सामनेच ५६ पर्यंत. म्हणजे वसंत सत्राचा बराच काळ बसमध्ये आणि मैदानावर जातो. या सत्रात अभ्यास घसरला तरी पूर्वी चिंता नसे. पुढच्या शरद सत्रात भरपाई करायची आणि फेब्रुवारीत पुन्हा बॅट उचलायची, अशी सोयीची वहिवाट पडली होती. २००८ साली ती बंद झाली. शरद सत्राच्या आरंभी जो पात्र नाही, तो पुढच्या वसंतातही खेळणार नाही, असे ठरले. साहजिकच भरपाईला उरला उन्हाळा. आणि उन्हाळ्यात तर धंदेवाईक संघांच्या निरीक्षकांपुढे खेळण्याची संधी देणाऱ्या केप कॉडसारख्या लीग भरतात. वर्गात बसावे की तिकडे जावे, हा पेच एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने सोडवायचा.

त्याच वेळी आणखी बंधने आली. संघात जास्तीत जास्त ३५ खेळाडू, त्यांपैकी २७ जणांनाच शिष्यवृत्ती, आणि ती किमान २५ टक्के तरी हवी. एकूण शिष्यवृत्त्या ११.७, त्या वाटून घ्यायच्या! (सात-दशांश शिष्यवृत्ती ही कल्पना कारकुनी डोक्यालाच सुचू शकते.) शिवाय महाविद्यालय बदलणाऱ्याने एक वर्ष बाकावर बसावे, अशीही अट आली. संघ दर वर्षी विस्कटू नये, हा हेतू.

प्रशिक्षकाच्या मानेवर आणखी एक जू आहे. २००४ सालापासून प्रत्येक संघाला अभ्यासाचा गुणांक दिला जातो. शिष्यवृत्तीधारक खेळाडू पात्र राहिला तर त्या सत्राचा एक गुण, महाविद्यालयात टिकला तर दुसरा. हजारांपैकी ९३० च्या खाली गेलेल्या संघाला हंगामानंतरच्या स्पर्धा बंद, अशी तरतूद २०११ साली झाली. गंमत अशी की, चांगले गुण मिळवून दुसरीकडे गेलेल्यापायी टिकण्याचा गुण कापला जात नाही. नापास होऊन गेलेला मात्र दोन्ही गुण बुडवून जातो. म्हणून खेळाडू जाणार हे कळले, तरी त्याने निदान परीक्षा देऊन जावे यासाठी प्रशिक्षकाची धडपड असते.

पुढे बांध फुटला. २०२१ मध्ये एकदा, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा, न बसता महाविद्यालय बदलण्याची मुभा मिळाली. बाकावरचे वर्ष गेले. पण अभ्यासाची अट राहिली. माझ्या मते खरी अडचण येथे आहे. खेळाडूला मोकळीक मिळाली, त्याच्या क्रेडिटांना नाही. दोन वर्षे काढून तो नव्या ठिकाणी गेला की तेथील पदवीच्या ४० टक्के अभ्यास त्याच्या नावावर भरला पाहिजे. जुन्या महाविद्यालयाचे चार विषय नव्याने मानले नाहीत, की गणित कोसळते. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांतून येणाऱ्यांना हा फटका नेमका पहिल्याच दिवशी बसू शकतो. हुशार पिचर मग आपल्याला आवडलेली पदवी सोडून जिच्यात क्रेडिटे बसतील ती पदवी घेतो. त्याला अभ्यासात मागे पडू न देण्यासाठी केलेला नियम त्याचा अभ्यासविषयच ठरवू लागतो.

६ जून २०२५ रोजी एका मोठ्या दाव्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. तीत सामील झालेल्या महाविद्यालयांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, मात्र बेसबॉल संघ ३४ जणांचा ठरला. ज्यांच्या जागा या कपातीत गेल्या, त्यांना मर्यादेबाहेर ठेवून घेण्याची सवलत होती, पण ती महाविद्यालयाच्या मर्जीवर. पस्तिसाव्या मुलाला दुसरे मैदान शोधणे आले. तेथे त्याची बॅट पाहणारा प्रशिक्षक एक, आणि जुनी गुणपत्रिका समोर ठेवून कोणता विषय धरायचा, कोणता वगळायचा हे ठरवणारा कार्यालयातील माणूस दुसरा.