घरचे मिग वेल्डिंग : आधी काच, मग मशीन

एकट्याने उचलता येईल एवढे, घरच्या 230 व्होल्ट विजेवर चालणारे मिग वेल्डिंग मशीन आता सहज मिळते. टॉर्चचा खटका दाबला की रिळावरची तार आपोआप पुढे सरकते. त्यामुळे रॉडच्या वेल्डिंगपेक्षा यात हात लवकर बसतो. मात्र वर्कशॉपमध्ये शेजारी उभे राहून टोकणारा उस्ताद घरी नसतो. शिवाय वेल्डिंगच्या अनेक इजा त्या क्षणी कळत नाहीत. काही तासांनी उमटतात.

ठिणगीच्या प्रकाशात तीव्र अतिनील किरणे असतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास बुबुळाचा वरचा पातळ थर भाजतो. साधारण सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. त्यावर दूध, मध किंवा बटाट्याचा काप हा उपाय नव्हे; त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. डोळा बधिर करणारे थेंब आणून घालत राहणेही घातक, कारण त्याने जखम भरत नाही. डोळे चोळू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. उन्हाचा गॉगल येथे निरुपयोगी आहे. घरच्या कामाला 10 किंवा 11 नंबरच्या काचेचे हेल्मेट लागते. बघत उभ्या राहिलेल्या मुलांनाही हीच इजा होते, म्हणून त्यांना दूर ठेवावे.

मशीन निवडताना जागा पाहावी. भरीव तारेला कार्बन डायऑक्साइड किंवा आरगॉन-मिश्रणाचे सिलिंडर लागते. धूर तुलनेने कमी होतो, पण वाऱ्यात वायूचे कवच उडून जाते. फ्लक्स भरलेली, वायूविना चालणारी तार उघड्या अंगणात सोयीची; तिचा धूर मात्र जास्त. बंद खोलीत दोन्ही धोक्याच्या, कारण हे वायू हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचून प्राणवायूची जागा घेतात. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, डोके धुराच्या झोतात घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. तोंडाला बांधलेला रुमाल हे सूक्ष्म कण अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. वायूंपुढे मात्र त्याचाही उपयोग नाही. गूळ खाल्ल्याने फुप्फुस साफ होत नाही.

जी.आय. पाइपावर जस्ताचा मुलामा असतो. तो जळून झालेला धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. पावसाळ्यात हे हुबेहूब मलेरियासारखे वाटते. म्हणून दिवसभरात वेल्डिंग केले होते, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. धाप लागल्यास घरी थांबू नये. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग वेल्ड केल्यास विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो.

जोडणी करताना प्लेटवरचे इनपुट अँपिअर वाचावे. साध्या सॉकेटवर किंवा बारीक एक्स्टेन्शनवर मशीन चालवू नये. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. वायूसह भरीव तार वापरताना टॉर्च पॉझिटिव्हला, वायूविना फ्लक्स तारेला सहसा निगेटिव्हला जोडतात. हे उलटे झाले की ठिणग्या जास्त उडतात आणि सांधा कच्चा राहतो. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले असावे. अंगात जाड सुती कपडे, पायांत बूट. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

हेल्मेट, कातडी हातमोजे आणि मास्क यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरावेत. तेवढे बसत नसतील, तर मशीनची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलावी.