लायसन्सचे नियम नेमके कोणाच्या हातात?

मे २०२४ च्या अखेरीस एक निरोप मोबाइलवरून देशभर फिरला. १ जूनपासून लायसन्ससाठी आरटीओत जायची गरज नाही, खासगी ड्रायव्हिंग स्कूलच परीक्षा घेणार आणि तिथेच लायसन्स मिळणार, असं त्यात म्हटलं होतं. अनेक ठिकाणी त्याची बातमीही झाली. शेवटी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की १ जूनपासून नियमात कसलाही बदल होत नाही.

या अफवेच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती, पण ती तीन वर्षं जुनी. जून २०२१ मध्ये केंद्राने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रां’ची तरतूद केली आणि १ जुलै २०२१ पासून ती लागू झाली. अशा केंद्राकडे हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर आणि जड वाहनांसाठी दोन एकर जागा लागते. सिम्युलेटर लागतो, चाचणीचा ट्रॅक लागतो. मोटारीचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो आणि तो जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा असतो. त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे आणि ८ तास वर्गातले. जो तिथली परीक्षा उत्तीर्ण होतो, त्याला आरटीओतली वाहन चालवण्याची चाचणी माफ होते. माफी मिळते ती एवढीच. लर्निंग लायसन्स आधी काढावंच लागतं, आणि पक्कं लायसन्स देणारा अधिकारी आरटीओचाच असतो. ‘एल’ची पाटी लावलेली जी गाडी रोज सकाळी आपल्या गल्लीत क्लच शिकवत फिरते, तिच्या मालकाचं प्रमाणपत्र या कामाचं नाही.

असे गैरसमज वारंवार का होतात? रस्त्याच्या कायद्यात कोण काय ठरवतं, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलंच नसतं. त्यामुळे मंत्र्याने केलेली घोषणा, सरकारने काढलेलं परिपत्रक आणि संसदेने केलेला कायदा या तिन्ही गोष्टी लोकांना सारख्याच वाटतात.

मोटार वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघींनाही त्यावर कायदा करता येतो. पण मोटार वाहन अधिनियम १९८८ हा संसदेचा कायदा आहे. त्याच्याशी विसंगत असा कायदा राज्याने केला, तर घटनेच्या अनुच्छेद २५४ प्रमाणे त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. ‘आमदारांनी मनावर घेतलं तर उद्या लायसन्सचं वय बदलेल’ हे म्हणूनच खरं नाही. ‘सगळं दिल्लीच ठरवते, आमदाराला विचारून काय उपयोग’ हेही तितकंच चूक. लायसन्स कोणत्या वयाला आणि कोणत्या परीक्षेनंतर मिळावं, हे केंद्राच्या कायद्यात आणि नियमांत आहे. सार्वजनिक वाहनावरच्या चालकाचा बिल्ला, रिक्षा-टॅक्सीचे परवाने, एखाद्या रस्त्यावर कमी वेगमर्यादा, जागेवर घ्यायच्या दंडाची रक्कम, या गोष्टी राज्याकडे येतात. वाहन कर तर पूर्णपणे राज्याचाच.

आता दंडाकडे वळू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड एकदम वाढले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाले. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी केंद्रात हा कायदा लागू करत होते, आणि त्यांच्याच राज्यात, महाराष्ट्रात, परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचाराची मागणी करत अंमलबजावणी थांबवली. गुजरातने दहा दिवसांत रकमा कमी केल्या. महाराष्ट्रात नवे दर यायला डिसेंबर २०२१ उजाडला, गोव्यात एप्रिल २०२२. त्या काळात ‘राज्याने कायदा फेटाळला’ असंच सगळीकडे बोललं गेलं.

राज्याने कायदा फेटाळला नव्हता. तसा तो फेटाळता येतही नाही. अधिनियमाच्या कलम २०० नुसार काही गुन्हे न्यायालयात न जाता जागेवरच मिटवता येतात. त्यासाठी भरायची ती तडजोड रक्कम, आणि ती राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं. महाराष्ट्राने आणि गुजरातने हात घातला तो या रकमेला. उदाहरण हेल्मेटचं घ्या. कायद्यात विनाहेल्मेटचा दंड १,००० रुपये आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये तडजोड रक्कम ठरवली ५०० रुपये. प्रकरण न्यायालयात गेलं, तर मात्र कायद्यातला आकडा समोर येतो. रक्कम अशी खाली आणणं केंद्राला मान्य नव्हतं. राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय कायद्यातल्या किमान दंडाच्या खाली जाता येणार नाही, असं जानेवारी २०२० मध्ये मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं. तरीही बऱ्याच राज्यांत कमी रकमाच चालू राहिल्या.

२०१९ च्याच दुरुस्तीत कलम २१०-क आलं, ज्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. त्यानुसार राज्य सरकार कायद्यातला दंड अधिसूचना काढून दहा पटींपर्यंत वाढवू शकतं. कायद्यातला दंड वाढवायला राज्याला अशी उघड वाट दिलेली आहे, कमी करायला तशी एकही नाही.

‘पाचशे भरले, विषय संपला’ हीसुद्धा अशीच एक समजूत. हेल्मेट नसल्याबद्दल दंडाबरोबरच तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूद हेल्मेटच्या दंडाच्या कलमातच आहे. २०१९ नंतर कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलंय, की तडजोड रक्कम भरली तरी लायसन्स निलंबनाच्या कारवाईतून सुटका होत नाही, आणि पुढच्या वेळी तोच गुन्हा केला तर तो दुसऱ्यांदा केलेला गुन्हा धरला जातो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा तर या तडजोडीच्या यादीतच नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, की गाठ न्यायालयाशीच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. जागेवर पैसे घेऊन हे प्रकरण मिटवायचा अधिकार कोणत्याही हवालदाराला नाही, साहेबालाही नाही.

हेल्मेटवरून पुण्यात किती आंदोलनं झाली ते वेगळं सांगायला नको. शहरात वेग कमी असतो, म्हणून राज्याने शहरापुरती सूट द्यावी, ही तिथली जुनी मागणी. एके काळी ती निदान कायद्याला धरून होती, कारण कलम १२९ च्या जुन्या मजकुरात अपवाद करण्याचा अधिकार राज्याला होता. २०१९ च्या दुरुस्तीत कलम नव्याने लिहिलं गेलं आणि तो अधिकार गेला. आता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात मंत्रिमंडळाने शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याची घोषणा केली आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयात हेल्मेट सक्तीचंच असल्याचं सांगण्याची पाळी त्या सरकारवर आली. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा डोळ्यांसमोर असताना सूट मागण्यात वेळ घालवणं मला पटत नाही.

काही गैरसमज थोडक्यात उरकता येतील, पण त्यांची किंमत मोठी असते. लायसन्सची मुदत संपली तरी महिनाभर चालतं, हा त्यातला एक. पूर्वी तशी ३० दिवसांची सवलत होती, २०१९ मध्ये ती काढली. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत उलटून वर्ष गेलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. नाक्यावर अडवल्यावर मोबाइलच्या गॅलरीतला लायसन्सचा फोटो दाखवून भागत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये उघडलेलं लायसन्स मात्र मूळ कागदाच्या बरोबरीने ग्राह्य धरावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही हे फक्त २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांना लागू आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक दमदार इलेक्ट्रिक स्कूटर या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत. मोटारीच्या लायसन्सवर टेम्पो चालवणारा आपोआप गुन्हेगार ठरत नाही, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू किंवा प्रवासी वाहनासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. आणि अपघात करून पळालं तर दहा वर्षं कैद, ही ट्रकचालकांच्या जानेवारी २०२४ च्या संपाने गाजलेली तरतूद? १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली ती नेमकं तेवढं उपकलम वगळून.

मुलांच्या हाती गाडी देण्याबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची स्कूटर चालते, असं कितीतरी पालक खात्रीने सांगतात. कायद्यातली सवलत आहे ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची. आज क्लासच्या बाहेर रांगेने उभ्या दिसणाऱ्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे त्या मुलाकडे त्या गाडीचं लायसन्स असूच शकत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा ‘आपल्याकडे पालकांना पकडणारा कायदाच नाही’ असं पुष्कळांनी म्हटलं. तो २०१९ पासून आहे. कलम १९९-क नुसार अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी आपल्या नकळत नेली किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने स्वतः सिद्ध करायचं असतं. किल्ली टीव्हीशेजारच्या हुकावर सगळ्यांसाठी टांगलेली असेल, तर ते सिद्ध करणं किती अवघड जाईल, याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. रिक्षाचा परवाना हवा असेल तर मराठी यायलाच हवं, अशी अट राज्याने परिपत्रकाने घातली होती. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. राज्याच्या १९८९ च्या नियमांत रिक्षापरवान्यासाठी तसा आधार नव्हता आणि नुसत्या परिपत्रकाने तो निर्माण होत नाही. मराठीचा आग्रह मलाही प्रिय आहे. पण तो धरायचा तर नियमात बदल करून, मसुद्यावर हरकती मागवून, राजपत्रातून धरला पाहिजे. तेव्हाच तो टिकेल.

आता राज्याच्या खऱ्या अधिकारांबद्दल, ज्यांच्याबद्दल आपण कोणाला विचारतच नाही. ‘रस्ता वाईट असला तरी कोणावर जबाबदारी येत नाही’ अशी सार्वत्रिक समजूत आहे. कलम १९८-क नुसार रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसेल आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे ती रक्कम अगदीच तुटपुंजी आहे, पण कायद्याने जबाबदारी मान्य केली आहे. रस्त्यांबाबतचे दोन अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांनाही मिळाले. कलम २१०-घ नुसार राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीच्या रस्त्यांच्या आराखड्याचे, बांधकामाचे आणि देखभालीचे नियम राज्याने करायचे. कलम १३८ च्या पोटकलम १-क नुसार पादचाऱ्यांच्या आणि सायकलीसारख्या बिनइंजिनाच्या वाहनांच्या रस्त्यावरील वावराचे नियमही राज्यानेच करायचे.

या दोन कलमांत जिल्हा मार्ग, गावचा रस्ता, शाळेसमोरचा चौक, फुटपाथची उंची आणि रुंदी असं सगळं येतं. २०२२ मध्ये देशात बत्तीस हजारांहून जास्त पादचारी रस्त्यावर मेले. दंडाच्या रकमेवरून सरकारं केंद्राशी भांडली, पण हे नियम करण्याची तशी घाई कोणाला दिसली नाही. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसीकरन यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रस्ते सुरक्षेची याचिका केली होती. तिच्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना बजावलं, की ज्यांनी हे नियम केले नसतील त्यांनी ते सहा महिन्यांत करावेत.

या नियमांना संसदेची वाट पाहावी लागत नाही, राष्ट्रपतींची संमतीही लागत नाही. मसुदा परिवहन आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांनी करायचा, त्यावर हरकती-सूचना मागवायच्या आणि राजपत्रात छापायचा. आपल्या मतदारसंघातल्या आमदाराला पत्र लिहून विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. आमदाराला तो तारांकित प्रश्न म्हणून सभागृहात मांडता येतो आणि मंत्र्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.